टाकीच्या झाकणावरचं कुलूप

“बाबा, पेट्रोलच्या झाकणाला कुलूप कशाला? एवढी कुणाची भीती वाटते तुला?”

प्रश्न ब्रिनने विचारला, पण तो तिच्या मैत्रिणींचा होता. शाळेच्या आवारात दोघींनी माझ्या पत्र्यावर थापा मारत तिला डिवचलं होतं, “हिंमत असेल तर तुझ्या बाबाला तोंडावर विचारून दाखव!” ब्रिनने दाखवलं. लाइल वॉन्ड्रा, म्हणजे तिचे बाबा आणि माझे मालक, माझ्या बॉनेटमधून डोकं बाहेर न काढताच म्हणाले, “चोराची.”

मित्रांनो, तो कुलूपवाला मीच. मी एक जुना, निळा रंग उडालेला पिकअप ट्रक आहे. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधून धावण्यात माझा जन्म गेला. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या दारात लोक स्वतःचं तोंड बघून केस सारखे करायचे. मालकांनी मला घेतलं तेव्हा त्यांनाही सारखे करण्याइतके केस होते. बर्फात रुतलेल्या कितीतरी गाड्या मी ओढून काढल्या. “शाब्बास रे म्हाताऱ्या!” म्हणून लोक माझ्या नाकावर थोपटायचे. तेव्हा मी म्हातारा नव्हतोसुद्धा!

माझी किल्ली कायम माझ्यातच असायची. आमच्याकडे रीतच तशी. शेजाऱ्याला गाडी लागली तर त्याने न्यावी आणि काम झालं की आणून लावावी. इथे शाळकरी मुलांनाही परवाना मिळतो, म्हणून ब्रिन मला चालवत शाळेत जायची. पलीकडच्या शेतावरचे ऑरिन स्टूर मला दर शुक्रवारी न्यायचे. त्यांची बायको वारली होती आणि गाडी मोडीत गेली होती. मग शेळ्यांचं खाद्य आणायला मीच.

पुढे मी भरमसाट पेट्रोल प्यायला लागलो. निदान सगळे तसं म्हणायला लागले. पूर्वी गॅलनला पंधरा मैल जाणारा मी अकरावर आलो. एका शुक्रवारी मालकांनी ऑरिनना माझ्यामागे वाकलेलं पाहिलं. हातात लाल कॅन! झालं, दुसऱ्या दिवशी झाकणाला कुलूप लागलं.

खरं सांगू? संशय मलाही आला होता. टाकीत गुळगुळ ऐकू यायची, पण माझा काटा कधीचा अर्ध्यावर अडकलाय. पेट्रोल येतंय की जातंय, मला काय कळणार? ऑरिनच्या बुटांचा आवाज आला की मी अंग चोरून उभा राहायचो.

गंमत बघा, कुलूप लागल्यावर टाकी आणखीच लवकर रिकामी व्हायला लागली! आता गॅलनला जेमतेम दहा.

“दुसरी किल्ली करून घेतली असणार त्याने,” मालक म्हणाले.

“ऑरिनने?” ब्रिनची आई रेने हसली. “अरे, त्याला डोळ्यांवरचा चष्मा सापडत नाही.”

“मग तुझी लेक शाळेच्या नावाखाली गाव उंडारतेय. ते काही नाही. रविवारी ट्रकची किल्ली माझ्या खिशात जाणार. आणि ऑरिनला सांगणार, पुन्हा या अंगणात पाय टाकू नकोस.”

“रविवारपर्यंत थांब,” ब्रिन म्हणाली. “चोर मी शोधते.”

तिने सगळ्यांवर संशय घ्यायचं ठरवलं, आणि सुरुवात माझ्यापासून! आमचे रस्ते पाटीवर रेघा माराव्यात तसे आहेत, दर मैलाला एक चौक. एका चौकातून निघून ब्रिनने मोठमोठ्याने मोजत पुढचे दहा चौक गाठले. माझ्या आकड्यांनी नऊच मैल दाखवले.

“खोटारड्या!” तिने मला गुद्दा मारला. मग खाली उतरून माझ्या चाकांकडे बघत राहिली. दोन वर्षांपूर्वी मालकांनी लिलावातून हौसेने मोठे टायर आणून बसवले होते. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त पुढे जातं, पण मी आपला जुन्या चाकाच्या मापाने मोजत राहिलो. दहातला एक मैल मीच गिळत होतो, आणि मला पत्ताच नव्हता!

मागे ताडपत्रीखाली वाळूच्या सहा गोण्या निघाल्या. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून गेल्या हिवाळ्यात टाकलेल्या. उन्हाळा येऊन गेला, तरी त्या माझ्या पाठीवरच. ब्रिनने कण्हत कण्हत सगळ्या खाली ढकलल्या. शिवाय हीटर लावूनही तिचे पाय गारच राहत. शाळेत ती मोटारदुरुस्ती शिकते. तिने बरोबर ओळखलं, इंजिनचं पाणी लवकर तापू देणारी झडप उघडीच अडकली होती. गारठलेलं इंजिन जास्तीचं पेट्रोल जाळत होतं. शनिवारी तिने नवी झडप बसवली.

पण कुलूप लावल्यावर पेट्रोल आणखी कमी का पडावं? ते काही सुटेना.

झडप नीट बसली का ते बघायला तिने मला रस्त्यावर काढलं, तर समोर ऑरिन! ढकलगाडीत खाद्याचं पोतं, आणि चेहरा घामाने डबडबलेला.

“मिस्टर स्टूर! हल्ली शुक्रवारी आमचा ट्रक का नेत नाही?”

“झाकणाला कुलूप आहे ना, पोरी. ट्रक न्यायचा आणि पेट्रोल न भरता आणून लावायचा, हे मला नाही जमत.”

“पेट्रोल तुम्ही भरत होता?”

“मग? दुसऱ्याची गाडी कोरडी परत करतात का? कॅनभर ओतायचो. जाळलं त्याहून थोडं जास्तच.” त्यांनी कपाळ पुसलं. “लाइलला कुणी चोर त्रास देतोय का गं? सांग त्याला, मी लक्ष ठेवतो. मला दिसत नाही फारसं, पण माझा कुत्रा तिखट कानाचा आहे.”

म्हणजे कुलपाने त्यांचाच कॅन बंद केला होता, म्हणून टाकी लवकर आटत होती! ब्रिनने घाईघाईने मला घराकडे वळवलं. मला बोलता येत नाही, हे बरंच झालं. त्या दिवशी माझं इंजिन वर्षभरात पहिल्यांदा नीट तापलं होतं, आणि मला आतून गारठल्यासारखं झालं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या गाड्या जास्त पेट्रोल खायला लागल्या, तर आधी आमच्या चाकांकडे, पाठीवर, पोटात बघा. आम्हाला वेळेवर पाना लावा. शेजाऱ्याकडे बोट नंतर दाखवा.

अंगणात ब्रिनने आईबाबांना सगळं सांगितलं. मालकांनी वाळूची एक गोणी पायाने ढकलली.

“त्याने मला सांगायचं ना,” ते पुटपुटले.

“तू विचारलंस?” रेने म्हणाली.

ब्रिनने कुलूप काढून बाबांच्या हातात ठेवलं आणि माझं दार उघडलं.

“माझं ठरलंय. किल्ली आजपासून पुन्हा ट्रकमध्येच राहणार. आणि आत्ता मी मिस्टर स्टूरांकडे चाललेय, आपण त्यांना चोर समजलो होतो हे सांगायला. आई, तू पुढे बस. बाबा, तू मागे बस. वाळूची जागा रिकामी झालीय!”