वाटेकरी

“दुसऱ्या गोळीचा रक्तात मागमूस नाही. घेता ना, शुक्रीसाहेब?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“घेतो की,” शुक्री खिडकीबाहेर बघत म्हणाले. अलेक्झांड्रियात उभी हयात त्यांनी ट्राम चालवली होती.

बाबांचे स्वच्छ गाल शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीला, नाहिदला, एकदम खुपले. फुप्फुसाच्या कर्करोगावर दोन गोळ्या जोडीनं द्यायच्या, त्याची ही अगदी सुरुवातीची चाचणी. दुसरी गोळी अंगात भिनली की गालांवर पुरळ उठतं, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुरळ उठलं होतं ते वहबाकाकांच्या गालांवर. काका बाबांच्या ट्रामवरचे कंडक्टर. आजार तोच, पण गाठीचा प्रकार वेगळा निघाला, म्हणून त्यांना चाचणीत घेतलं नव्हतं.

बाहेर येताच तिनं विचारलं, “काकांना देता ना?”

“अगं, रोज सकाळी चहाला समोर बसतो तो. त्याच्यादेखत एकट्यानं कशी गिळू?”

“बाबा, ती त्यांच्या गाठीला लागूच पडत नाही!”

“हे तू सांग त्याला. आरशात गाल बघून हरखलाय म्हातारा.”

“बाईंना कळलं तर तुम्हाला काढतील.”

“आणि नाही कळलं तर?”

“तर तुम्ही घेतली असं धरून औषधच कुचकामी ठरेल. मागून येणाऱ्यांना मिळायचं नाही.”

शुक्रींनी कॉलर नीट केली आणि ते एकटेच आत गेले. गोळ्यांची डबी बाईंकडे परत करून आले.

दुसऱ्या दिवशी नाहिदही त्यांच्याबरोबर चहाला गेली. वहबाकाका आधीच येऊन बसले होते.

“काय ड्रायव्हर, आज गाडी लेट? काढ माझा वाटा.”

“बंद. बाईंना सांगून टाकलं. पुरळ उठलंय म्हटल्यावर म्हणाल्या, वहबाला पुरे झाली.”

“खरंच?” काकांनी गालांवरून हात फिरवला. “आणि तुझी?”

“माझी चालूच आहे.”

“तू जन्माचा मागं! ट्राम तशीच हाकायचास. आज चहा माझ्याकडून.”

पैसे कोणी द्यायचे यावरून दोघांची रोज हातघाई चालायची. एकमेकांची मनगटं धरायचे, शपथा घालायचे. दुकानदार कंटाळून जायचा. नाहिद वाट बघत राहिली.

बाबांनी हात टेबलावरच ठेवले. “दे,” ते म्हणाले.