हा मिस्त्री कोण?

"पप्पा, ते विचारतायत, हा मिस्त्री कोण?"

ज्ञानेश्वरीने मोबाइल त्याच्या ताटाशेजारी धरला. मानसिंगच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"कोण म्हंजे? मीच की."

"तुम्ही बर्गे. पासपोर्टवर बर्गे, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर बर्गे. आणि शेठनी दिलेल्या पत्रात काय, तर मानसिंग मिस्त्री आमच्याकडे चौदा वर्षं मेकॅनिक आहेत. ते म्हणतात, तुम्ही दुसऱ्याच माणसाचं पत्र जोडलंय. शुक्रवारपर्यंत स्वतःचं पाठवा, नाहीतर व्हिसाचा अर्ज बाद."

"आवो, पण मिस्त्री म्हंजे कारागीर, एवढं बी कळंना व्हय त्यास्नी?" शालन गॅसपाशी उभी होती, ती उलथणं घेऊनच बाहेर आली.

"मम्मी, जर्मनीत बसलेल्या बाईला काय माहीत? तिला वाटलं आडनाव आहे."

त्या बाईला दोष देण्यात अर्थ नव्हता. आपल्याकडे तरी त्याचं खरं आडनाव कोणाला माहीत होतं? मानसिंग हौसेराव बर्गे, मूळ गाव कोरेगाव तालुक्यात, मुक्काम कोपरखैरणे, तुर्भ्याला मार्केटच्या मागच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाचे कॉम्प्रेसर सांभाळायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर ठेवून मूठ कानाला लावली की आतली कुठली बेअरिंग कुरकुरते आहे ते त्याला कळायचं. हमाल, ड्रायव्हर, चहावाला, सोसायटीचा वॉचमन, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. लग्नपत्रिका यायची तीसुद्धा 'मानसिंग मिस्त्री आणि परिवार' अशी. बर्गे हे आडनाव गेल्या चौदा वर्षांत फक्त लाइटबिलाला लागलं होतं.

परदेशी जायला त्याला दुसरी वाट नव्हती असं नाही. वाशीतल्या एका एजंटने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, "टुरिस्टवर जा ना मिस्त्री. तिकडं उतरलं की कोण विचारतो? आपली पोरं आहेत, बघून घेतील." त्याच वाटेने गावाकडचा भैरू गेला होता. भैरूची आई वारली तेव्हा त्याने व्हिडिओवर तिचं तोंड पाहिलं, कारण एकदा त्या देशाबाहेर पडला तर परत आत जाता येणार नव्हतं. मानसिंगने एजंटला सरळ सांगितलं, "लपून ऱ्हायाचं असंल तर मला माझा प्लांट काय वाईट हाय?"

मग त्याने सरळ वाट धरली, आणि सरळ वाटेने माणसाला किती वळसे घ्यावे लागतात ते त्याला कळलं. बेचाळिसाव्या वर्षी जर्मन शिकला. पहिल्या परीक्षेत नापास झाला, दुसऱ्यांदा पास. तिकडच्या एका कंपनीच्या माणसाने मुलाखतीत मोबाइलवर एका कॉम्प्रेसरचा आवाज ऐकवला आणि काय झालंय ते विचारलं. मानसिंगने डोळे मिटून ऐकलं आणि डिस्चार्जची व्हॉल्व्हप्लेट मोडल्याचं सांगितलं. तिकडचा माणूस हसला, त्याने अंगठा वर केला. काम पसंत होतं, माणूस पसंत होता. आता फक्त कागद लागत होते, आणि कागद तपासणारं ऑफिस वेगळं होतं.

मंगळवारी सुट्टी टाकून तो बेलापूरला कोर्टाबाहेर नोटरीकडे गेला.

"दोन्ही नावांचा माणूस एकच, असं अ‍ॅफिडेव्हिट पाहिजे ना? करू की. मानसिंग बर्गे उर्फ मानसिंग मिस्त्री."

"उर्फ नको. उर्फ गुंडांच्या नावापुढं असतंय."

"बरं, नको उर्फ. दोन्ही नावं असलेला एक तरी कागद दाखवा."

"तसला कागद असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

"मग कागद घेऊनच या," नोटरी म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

मानसिंगला त्याचा शिक्का उचलून समोरच्या नाल्यात टाकावासा वाटला. टाकला नाही. बस पकडून तो थेट प्लांटच्या ऑफिसात आला.

कोल्ड स्टोरेज हिरामण शेठचं. घरची शेती शहर वसवताना सरकारने घेतली, हातात उरलेल्या तुकड्यावर शेठनी ते उभं केलं. अनुभवाचं पत्रही त्यांनीच दिलं होतं, आनंदाने, पेढा भरवून. पण शेठ या आठवड्यात दिवाळे गावी लेकीकडे होते, आणि तसंही आता सह्या त्यांचा मुलगा मिथुन करायचा. मिथुनने सगळं ऐकून घेतलं आणि कारकून रंजिताला रजिस्टर काढायला सांगितलं.

रंजिताने ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "बर्गे मानसिंग हौसेराव. हेल्पर."

"हेल्पर कोन?"

"तुमीच, मिस्त्री."

मानसिंगने रजिस्टर स्वतःकडे फिरवलं. चौदा वर्षं, दर महिन्याला, त्याच्या नावापुढे तोच शब्द होता. त्याने कधी पाहिलंच नव्हतं. सही करताना माणूस सहीची जागा बघतो, बाकीचं कोण वाचत बसतो?

"असं बघा," मिथुन खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "अमोनियाच्या प्लांटला डिप्लोमावाला माणूस दाखवावा लागतो. तो कोण दाखवलाय, तुमाला माहीत आहे."

माहीत होतं. भिंतीवर मिथुनच्या मावसभावाचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं होतं. मावसभाऊ उलव्याला जिम चालवायचा. प्लांटमध्ये तो एकदाच आला होता, तेव्हा वासाने डोळ्यांत पाणी आलं म्हणून गाडीत जाऊन बसला.

"म्हणजे कागदावर मिस्त्री तो?"

"कागदावर. खरे मिस्त्री तुमीच ना! सगळ्या मार्केटला माहीत आहे."

"मार्केट व्हिसा देतंय व्हय? शेठनी मेकॅनिक म्हणून लिहून दिलं होतं की."

"बाबांनी लिहिलं, पण नाव चुकलं म्हणून वाचलो. बरोबर नावानं तसं पत्र बाहेर गेलं असतं आणि उद्या कोणी तपासलं असतं, तर प्लांटला टाळं. चाळीस माणसं घरी बसली असती." मिथुनचा आवाज खाली आला. तो वाईट माणूस नव्हता, हेच जास्त अवघड होतं. "इथं काय कमी आहे तुमाला, मिस्त्री? सगळे मान देतात."

"त्यो मान लिहून द्या ना कागदावर!" मानसिंग ओरडला. असा तो चौदा वर्षांत ओरडला नव्हता. रंजिताच्या हातातलं पेन खाली पडलं. "एक ओळ द्या. ह्या माणसाला मशीन कळतंय, एवढीच. मला काय तुमचा बंगला नको."

मिथुनने रंजिताला नवं पत्र करायला सांगितलं. तासाभराने रंजिताने पत्र टाइप करून दिलं. नाव अगदी बरोबर होतं, वडिलांच्या नावासकट. पद: हेल्पर.

घरी ज्ञानेश्वरीने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. एकात काम खरं होतं आणि नाव खोटं, दुसऱ्यात नाव खरं आणि काम खोटं. दोन्ही पत्रांवर एकाच कोल्ड स्टोरेजचा शिक्का होता. शालन म्हणाली, "एकात बी तुमी न्हाई." शेवटी मुलीने इंग्रजीत लांबलचक खुलासा लिहिला, मिस्त्री म्हणजे काय, आपल्याकडे कामावरून माणसाला कसं हाक मारतात, आणि तो दोन्ही पत्रांसकट पाठवून दिला.

उत्तर शुक्रवारी सकाळीच आलं. ज्ञानेश्वरीने ते उभ्यानेच मराठीत सांगितलं.

"खुलासा कागदपत्राशिवाय धरता येत नाही. श्री. बर्गे मदतनीस आहेत, त्यामुळे कुशल कामगाराच्या जागेला पात्र नाहीत." तिने मोबाइल खाली केला.

"फुडं वाच," मानसिंग म्हणाला.

"श्री. मिस्त्री यांचा अनुभव मात्र योग्य वाटतो. ते तुमच्या ओळखीचे असतील, तर त्यांना स्वतंत्र अर्ज करायला सांगा."

शालनला आधी हसू आलं आणि मग तिने पदर तोंडाला लावला. ज्ञानेश्वरी पुन्हा लिहिते म्हणाली, कंपनीच्या त्या मुलाखतवाल्या माणसालाच लिहिते. मानसिंग म्हणाला, "लिही." त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि त्याहून जास्त तो दमला होता. डबा घेऊन तो नेहमीच्या वेळेला निघाला.

प्लांटमध्ये दोन नंबरचा कॉम्प्रेसर ठोके देत होता. आत द्राक्षं भरलेली होती. मानसिंगने स्क्रूड्रायव्हर लावला, ऐकलं, मशीन बंद करून एकचं चालू केलं आणि दोनचं हेड उघडायला घेतलं. दुपारपर्यंत व्हॉल्व्हप्लेट बदलून झाली. मग हात पुसून त्याने लॉगबुक ओढलं. दुरुस्ती करणाऱ्याच्या रकान्यात चौदा वर्षं तो एकच शब्द लिहीत आला होता, मिस्त्री. आज पेन तिथे थांबलं. त्याने सावकाश पूर्ण नाव लिहिलं, मानसिंग हौसेराव बर्गे.

चारच्या सुमारास हिरामण शेठ आले. दिवाळ्याहून परतताना त्यांनी सुकट आणली होती, त्याच्यासाठी वेगळी बांधून. सवयीने त्यांनी लॉगबुक उघडलं, चष्मा वर-खाली केला.

"दोन नंबर कोनी खोलला? काम झ्याक केलाय." त्यांचं बोट ओळीवर फिरलं. "मिस्त्री, ह्यो बर्गे कोन? नवीन मानूस घेतला काय पोरानं?"

मानसिंगने त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं.

"नवीन न्हाई, शेठ. जुनाच हाय. हेल्पर."

"असा? मना कदी दिसला नाय." शेठनी सुकटीची पुडी त्याच्या हातात दिली. "कामाला कसा हाय?"

दोन नंबर एका लयीत चालला होता. मानसिंगने क्षणभर तो ऐकला.

"चांगला हाय," तो म्हणाला.