माझ्या पोटात बिबट्या, माझ्या पोटात मगर

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात बिबट्याही बसून गेला आहे, मगरही. हे भाग्य फार थोड्या पिंजऱ्यांचं. नाशिकच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी घडलो. हिरवा रंग, वरून पडणारं दार, मागे आमिषाच्या शेळीसाठी वेगळा कप्पा.

दोघांत थोर शिकारी कोण?

थांबा. आधी सायखेड्याला चला.

मागच्या उन्हाळ्यात तिथे गोदावरीच्या काठी रंगूबाईच्या दोन शेळ्या लागोपाठ गेल्या. भर सकाळी, पाणी पिताना. चारच होत्या तिच्याकडे. गाव म्हणालं, बिबट्या. वनखात्याने मला उसाच्या बांधावर ठेवलं, वर पाचट पसरलं. तिसऱ्या दिवशी पहाटे माझं दार धाडकन पडलं.

उजाडताच शंभरेक माणसं जमली. कोणी डबे बडवत होतं, कोणी फोटो काढत होतं. बिबट्या धडका देत होता, गज चावत होता. कपाळ फुटलं त्याचं. वनरक्षक दीपक एकटेच होते, गाडी यायची होती.

"मावशे, हा बघ तुझा चोर!" ऊसवाला कुंदन काठी पुढे करत म्हणाला. "पहिला दणका तुझा."

रंगूबाईने काठी घेतली नाही. "शेळी वढल्याची खूण बघितली का तू? पार पाण्यात गेलीय."

"मग हा पाण्यात गेला आसंल."

"आन् तिथंच जेवाया बसला? आरं, हा आपला घास उसात नेतो. पाण्यात कोण नेतं, त्ये नदीला इचार. मला नको सांगू, शेळ्या माझ्या गेल्यात."

लोक हसले. कुंदन हसला नाही, पण काठी खाली आली.

रंगूबाई घरी गेली, गोधडी घेऊन आली आणि माझ्यावर टाकली. "दिसंना झालं की गप बसंल. आमचा बोकड बी आसाच."

धडका थांबल्या. गजांना नुसता त्याचा श्वास लागत राहिला. गाडी आली तेव्हा तो जिवंत होता.

त्यानंतर नवव्या दिवशी त्याच काठावर मगर सापडली. तोंड बांधून तिलाही माझ्यातच घातलं. शेपूट वळवून कशीबशी मावली.

आता तुलना. बिबट्याच्या पावलाला आवाज नाही, झडप एका क्षणाची, आणि जवळजवळ स्वतःएवढं ओझं दातांत धरून तो झाडावर चढतो. आत येताच त्याने माझा एकेक गज तपासला. मगरीने एकही नाही. ती पडून राहिली. बिबट्या सावजामागे जातो. मगर सावजाला तहान लागायची वाट बघते, आणि त्यासाठी आठवडेच्या आठवडे उपाशी राहते. एवढा धीर मी लोखंडाचा असून मला नाही.

थोर कोण, ते ठरवायला बसलो होतो. जमलं नाही. दोघांपुढेही मान झुकते.

बिबट्याला त्याच्या रानात सोडलं, मगरीला दूरच्या पाण्यात. रंगूबाईच्या उरलेल्या शेळ्या आता दारातच बादलीने पाणी पितात. मी मात्र वनखात्याच्या रोपवाटिकेच्या कोपऱ्यात गंजतो आहे.

रंग नका देऊ हवं तर. दाराला तेल द्या, मध्येच अडकून मग पडणारं दार शेपूट चिरडतं. आणि पुन्हा कधी माझ्यात कोणी सापडलं, तर डबे बडवू नका. हाताला लागेल ते कापड टाका, मागे सरका, गाडी येईपर्यंत गप्प राहा. तेवढं तुम्हीच करू शकता, मित्रांनो. माझं दार मला उघडता येत नाही.