छान प्रश्न

रबराचं घर होतं ते. मुठीत मावेल एवढं — लाल छप्पर, पांढऱ्या भिंती, निळं दार आणि तळाशी विमा कंपनीचं नाव. दाबलं की छप्पर भिंतींत शिरायचं, दार मुडपायचं, आणि मूठ सैल केली की बारीकसा श्वास घेतल्यासारखं करून सगळं पुन्हा जागच्या जागी. सभागृहाच्या दाराशी कंपनीच्या टेबलावर अशी घरं टोपलीभर ठेवली होती. एक हसऱ्या चेहऱ्याचा तरुण येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक देत होता — “ताण आला की दाबायचं!” — आणि मुलं ती हवेत उडवून झेलत होती.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा ते उभं राहिलं, आणि त्याचं ते उभं राहणंच तिला सहन होईना. घर असं उभं राहत नाही. पाणी शिरतं ते आधी दाराखालून, ओळखीच्या माणसासारखं, आवाज न करता; मग कपाटं फुगतात आणि त्यांचे खण अडकून बसतात ते कायमचे; पाणी ओसरलं की भिंतीवर एक तपकिरी रेघ उरते, आणि तिच्यावर कितीही रंग चढवा, ती हट्टाने वर येते... आईने रंग लावून पाहिला, पुन्हा लावून पाहिला, शेवटी रेघेपुढे कपाट सरकवलं आणि त्या भिंतीकडे बघायचंच सोडून दिलं.

घर टोपलीत परत टाकून ती आत जाऊन बसली. मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर — गटातल्या वकिलाने सांगितलं होतं तिथेच.

सांख्यिकीचं तिचं हे शेवटचं वर्ष. कंपनीची माणसं आज भरतीसाठी आली होती. आज माहिती सांगणार, उद्या मुलाखती. तिचं नाव सरांनी आपणहून पुढे केलं होतं. “धोक्याचं गणित तुझ्याइतकं स्वच्छ वर्गात कुणाला सुचत नाही,” असं ते चारचौघांत म्हणाले, आणि तिला बरं वाटलं होतं. बरं वाटलं याचीच नंतर दिवसभर चीड येत राहिली.

धोक्याचं गणित! आईच्या घराचंही कुणीतरी मांडलंच असणार. कंपनीची फोनवरची मुलगी तर किती गोड बोलत होती — हवामानाची बदलती परिस्थिती लक्षात घेता तुमचा भाग आता आम्हाला विम्यात घेता येत नाही... भाग. म्हणजे ती गल्ली, कोपऱ्यावरचा सायकलवाला, वरच्या मजल्यावरचे मास्तर, आणि बाबा गेल्यानंतरही एकदासुद्धा हप्ता न चुकवलेली आई. आईने सगळं ऐकून घेतलं, “बरं” म्हणाली आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. भांडी तर सगळी घासून झाली होती.

आणि तरी राग त्या नकाराचा नव्हता, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होती. पाणी येणार हे खरंच होतं. तिने स्वतः आकडे मांडले असते तर उत्तर तेच आलं असतं. संताप होता तो पुढच्या गोष्टीचा — याच कंपनीने, त्याच वर्षी, किनाऱ्यावरच्या नव्या कोळसा खाणीचा विमा उतरवला होता. खाणीचा, तिच्या बोटींच्या धक्क्याचा, तिच्या आगगाड्यांचा. म्हणजे हवामान बिघडतंय हे यांना ठाऊक आहे. इतकं पक्कं ठाऊक आहे की त्यावरून हे माझ्या आईला दारातून परत पाठवतात, आणि ते बिघडवणाऱ्याला आत बोलावून खुर्ची देतात! ज्ञान एकच, टेबलही एकच, फक्त समोर बसलेलं माणूस वेगळं. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथे.

हे सगळं तिला उलगडून सांगितलं होतं वकिलाने. तो अजून वकील झाला नव्हता, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होता, पण आवाज कायम बसलेला आणि काखेत कायम कागद, म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. विमा नसेल तर बँक कर्ज देत नाही, आणि कर्ज नसेल तर खाणीत एक फावडंसुद्धा पडत नाही, हे त्याने कँटीनच्या मागच्या बाकावर चहाचे कप एकमेकांवर रचून दाखवलं होतं. खालचा कप काढला आणि सगळे कोसळले. तेव्हापासून ती खाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्याच्या गटात बसू लागली. फलक रंगवायची, फारसं बोलायची नाही. आजच्या कार्यक्रमात प्रश्न विचारायला तिचंच नाव निघालं तेव्हा ती नको म्हणाली होती.

“आम्ही विचारलं तर भाषण वाटेल,” वकील म्हणाला. “तू विचारलंस तर खरं वाटेल.”

आणि घरात पाणी शिरलं त्या दिवसाचा फोटो त्याने मागितला होता... मला नीट समजून घ्यायचंय, म्हणाला होता.

मंचावर कंपनीच्या बाई बोलू लागल्या. पन्नाशीच्या असाव्यात. साध्या चपला, चष्मा साखळीला अडकवून गळ्यात सोडलेला, आवाज मऊ. त्या आवडाव्यात अशाच होत्या, ही आणखी एक पंचाईत. तिने मनात एक टाय बांधलेला, पोट सुटलेला, उद्धट माणूस उभा करून ठेवला होता, त्याच्याशी भांडणं किती सोपं गेलं असतं! या बाई तर मावशीसारख्या दिसत होत्या. पाणी ओसरेपर्यंत ज्या मावशीकडे राहिलो, सकाळी उठायच्या आधीच जी चहा झाकून ठेवायची, तिच्यासारख्या. मागच्या पडद्यावर एक मोठी छत्री, छत्रीखाली आई-बाप-मुलं, सगळ्यांचे दात पांढरे. “आमचं काम म्हणजे लोकांना निर्धास्त झोपू देणं,” बाई म्हणाल्या.

आई झोपत नाही. पाऊस सुरू झाला की उठते, दाराशी जाऊन हाताने जमीन चाचपते. मी डोळे मिटून पडून राहते, आणि मी जागी आहे हे तिला कळतं, आणि कळलंय हे मलाही.

“कुणाला काही विचारायचंय?”

ती उठली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. आवाज मात्र निघाला, आणि निघाला तो तिला वाटलं होतं त्यापेक्षा स्वच्छ —

“आमच्या भागात पाणी शिरतं म्हणून तुम्ही घरांचा विमा बंद केला. कारण हवामान, असं सांगितलंत. त्याच वर्षी तुम्ही नव्या खाणीचा विमा घेतला. हवामान घरांच्या वेळी आठवतं ते खाणीच्या वेळी...”

इथे तिला जाणवलं की कुणीच तिच्याकडे बघत नाहीये. सगळ्यांच्या नजरा तिच्या डोक्यावरून मागे चालल्या होत्या, बाईंचीसुद्धा. कुणीतरी “अरेरे” म्हणालं. तिने वळून पाहिलं.

मागच्या सज्ज्यावरून आई खाली लोंबत होती.

माणसाच्या दुप्पट उंचीची आई. मांडीपर्यंत पाण्यात, दारात उभी, अंगात झोपेतला जुना गाऊन, केस मोकळे, तोंड अर्धवट उघडं, आणि एका हाताने हँगरला लावलेला दवाखान्याचा इस्त्रीचा कोट डोक्याच्याही वर धरलेला, भिजू नये म्हणून. वरच्या मास्तरांनी जिन्यातून काढलेला तो फोटो. खाली लाल रंगात: ‘ही आमच्या मैत्रिणीची आई. हिचं घर नको, खाण हवी?’

आई दातांच्या दवाखान्यात बसते. स्वागताच्या टेबलाशी. केस घट्ट बांधलेले, कोट कडक, कॉलरवर नाव. घरात काय झालं ते तिने तिथे कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या सगळ्या दिवसांत ती मावशीच्या घरून, एका दिवसाचाही उशीर न करता, तो कोट घालून जात होती... आणि आता सभागृहभर मोबाइल वर झाले होते, आणि प्रत्येकात ती एकेक चिमुकली, भिजलेली.

तिला वाक्य कुठे सोडलं होतं ते सापडेना. मग कुठूनसं तिलाच अनोळखी वाटणारं काहीतरी वर आलं — “ते राहू दे. ते चित्र राहू दे. मला उत्तर द्या.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला. “खूप छान प्रश्न,” त्या म्हणाल्या. “मनापासून सांगते, असे प्रश्न विचारणारी मुलंच आम्हाला हवी आहेत. तुमच्या आईंना जे सोसावं लागलं त्याबद्दल आम्हाला अतिशय वाईट वाटतं. आम्ही बदलाला बांधील आहोत. टप्प्याटप्प्याने, सगळ्यांना बरोबर घेऊन...”

आणि टाळ्या! ठरल्याप्रमाणे गटातली मुलं उठून मंचाकडे पाठ करून उभी राहिली होती, पण बाकीचं सभागृह टाळ्या वाजवत होतं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत बाईही होत्या. तिच्यासाठी. तिच्याकडे बघून, मान डोलावत. गाण्याच्या स्पर्धेत पोरीने सुरेख गायलं म्हणून वाजवाव्यात तशा. लाथ मारायला पाय उचलावा आणि समोर नुसती उशी असावी... ती मटकन खाली बसली.

कार्यक्रम आटोपल्यावर व्हरांड्यात बाईंनी तिला गाठलं. एकट्याच होत्या.

“आई कशा आहेत आता?”

विचारणं खोटं नव्हतं, हेच वाईट. “बरी आहे,” ती म्हणाली.

“उद्या मुलाखतीला या. खरंच या. बाहेर ओरडून काही हललेलं मी तरी पाहिलं नाही. आत बसून थोडं हलवता येतं.”

“तुम्ही किती हलवलंत?”

बाई चष्म्याच्या साखळीशी चाळा करत राहिल्या. “थोडं,” म्हणाल्या. मग गाडी आली म्हणून कुणीतरी त्यांना हाक मारली.

वकील धावतच आला. घामाने डबडबलेला, डोळे चमकत होते. “अगं, सगळीकडे फिरतंय! दुसऱ्या कॉलेजांतूनही फोन येतायत —”

“मला विचारलं होतंस?”

“काय?”

“ते चित्र लावायच्या आधी.”

“फोटो तूच दिलास ना?”

“तुला समजायला दिला होता.”

त्याने कपाळावरचा घाम पुसला. मग हळूच म्हणाला, “लोक तिच्यामुळेच हलले पण. तो कोट बघून... मी उतरवतो फलक. आत्ता उतरवतो. पण मोबाइलमधलं आता माझ्या हातात नाही.”

तो गेला, आणि ती खांबाला टेकली. एकाने आईचं घर किंमत नाही म्हणून सोडलं, दुसऱ्याने आईची फजिती किंमत आहे म्हणून उचलली. सगळे सारखेच, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. फार मोह झाला तसं म्हणायचा. सगळे सारखे म्हटलं की कुणावरच रागवावं लागत नाही, घरी जाता येतं, उद्या मुलाखतीलाही जाता येतं. पण सारखे नव्हतेच ते. वकील चुकला होता, आणि त्याला ती याबद्दल सहजासहजी सोडणार नव्हती, तरी पाणी त्याने आणलं नव्हतं. आपला राग वाटेत जो भेटेल त्याच्यावर सांडून संपवायचा नाही... कुणावर किती, हेही एक गणितच. ते तरी स्वच्छ मांडता यायला हवं.

मोबाइल वाजला. आई.

मागे दात कोरायच्या यंत्राची किरकिर ऐकू येत होती.

“आई?”

“डॉक्टरांनी व्हिडिओ दाखवला मला, आवाज बंद करून,” आई म्हणाली. “पेशंटनी त्यांना दाखवला. म्हणाले, तुम्ही कधी बोलला नाहीत. मी काय बोलणार होते?” किरकिर थांबली, पुन्हा सुरू झाली. “मी गाऊनवर होते गं.”

“मी नाही लावला तो, आई.”

“पण दिलास तूच ना?”

“हो.”

आईचा श्वास ऐकू येत राहिला. आता ती बरं म्हणेल, तिला वाटलं. त्या दिवशी म्हणाली होती तसं, आणि फोन ठेवेल, आणि संध्याकाळी घरी नळ वाहत राहील, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून तो ऐकत राहीन...

“घरी आल्यावर बोलू त्याच्यावर,” आई म्हणाली. “ते काय म्हणाले?”

“कोण?”

“कंपनीवाले. तू विचारलंस ना त्यांना? काय म्हणाले?”

“म्हणाल्या... छान प्रश्न आहे. वाईट वाटतं म्हणाल्या. टप्प्याटप्प्याने करू म्हणाल्या.”

“म्हणजे उत्तर नाहीच दिलं.”

“नाही.”

“मग तू खाली बसलीस कशाला?”

आईच्या आवाजात रडणं नव्हतं, ओरडणंही नव्हतं. दवाखान्यात रांग मोडून पुढे घुसणाऱ्याला ती ज्या आवाजात मागे पाठवते त्या आवाजात, कोट घातलेल्या आवाजात, ती विचारत होती.

“पेशंट आलाय,” आई म्हणाली. “ठेवते.”

व्हरांडा रिकामा होत चालला होता. सभागृहात खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. इतके महिने ती आईच्या वतीने रागावत आली होती. आईला रागावता येत नाही, ती बिचारी बरं म्हणते, म्हणून तिचा वाटा आपणच उचलायचा, असं धरून चालली होती. आणि आईचा राग तर तिथेच होता सगळा वेळ, घडी करून ठेवलेला, तिच्या रागापेक्षा जुना आणि कितीतरी नेमका. तिने कधी तो मागितलाच नव्हता. फोटो घेतला, राग घेतलाच नाही.

मी बसले कशाला? टाळ्या वाजल्या म्हणून. कुणी छान म्हणालं की मी बसते. सर म्हणाले तेव्हाही बसले होते...

उद्याचं तिला काहीच ठरवता येईना. मुलाखतीच्या खोलीत जायचं की नाही, गेलंच तर काय म्हणून जायचं, आधी आईला तोंड कसं दाखवायचं. पण सकाळपासून घशाशी धडका मारणारं ते खाली उतरून कुठेतरी स्थिर बसलं होतं, शांत नव्हे, गार आणि जड. त्याला ओरडायची घाई नव्हती. ते वाट बघू शकत होतं. तिला पहिल्यांदाच त्याची थोडी भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग, का कोण जाणे, खूप हलकं वाटलं.