बंदूक आणि मंजुळाबाईची करंगळी

"दहाही बोटं झाली, काका. आता काय पायाची लावणार?"

अविनाशने हे वैतागून म्हटलं होतं, पण इंद्रभान खरंच बुटाची नाडी सोडायला वाकला. "नको, नको!" म्हणत अविनाशने त्याला दंडाला धरून उभं केलं.

जळगाव जामोदच्या त्या पतसंस्थेत सकाळपासून हाच खेळ चालला होता. टेबलावर नवी कोरी बंदूक आडवी पडली होती आणि तिच्या मुठीजवळ नखाएवढी काच होती. नोंदलेलं बोट काचेवर टेकलं की हिरवा दिवा लागायचा आणि बंदूक चालायला तयार व्हायची. परकं बोट टेकलं की लाल दिवा, आणि बंदुकीची झाली काठी. चोराने पहारेकऱ्याच्या हातून हिसकावली तरी त्याला ती उडवता येऊ नये, अशी त्यामागची अक्कल होती. कंपनीने ती आठ दिवसांच्या चाचणीसाठी दिली होती आणि ती शिकवायला अविनाश पुण्याहून आला होता. फक्त इंद्रभानचं एकही बोट तिला पसंत पडत नव्हतं.

"चोराले चालत नाही हे बेस झालं," इंद्रभान म्हणाला, "पण मलेबी चालत नाही ना जी. मंग मी आन चोर, दोघं सारखेच का?"

"काका, ही नव्याण्णव टक्के खात्रीची आहे."

"आन तो एक टक्का?"

अविनाशने काच रुमालाने पुसली.

"तो एक टक्का माह्याच ड्युटीत यीन, पाहा तुम्ही," इंद्रभान म्हणाला. "रेशनच्या दुकानात असंच होते. मशीन म्हणते, हा इंद्रभान नाहीच. दुकानदार म्हणते, मामा, तुमाले मी वळखतो, पण मशीन नाही वळखत. असं म्हणून वापस धाडते. बरं, तिथं गहूच चुकतात. इथं जीव चुकला त?"

संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव खुर्चीत रेलून हे ऐकत होते. नव्या गोष्टीचा त्यांना भारी सोस. जिल्ह्यात अशी बंदूक आणणारी पहिली संस्था आपली, हे त्यांनी दोन बातमीदारांना आधीच सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर दरोड्याची रंगीत तालीम ठरली होती आणि जुनी बाराबोरची बंदूक कालच खामगावच्या शस्त्रांच्या दुकानात जमा झाली होती.

"इंद्रभान, जगाच्या मांगं राहू नको बे," ते म्हणाले. "तुह्या बोटानं जमत नसन त ज्याच्या बोटानं जमते असा गडी पाह्यतो मी."

इंद्रभानच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. बावीस वर्षं तो ह्या दारात उभा होता आणि त्याने एकदाही गोळी झाडली नव्हती. झाडावी लागली नाही हेच तो आपलं काम समजायचा. आता बोटांवरच्या रेघा नाहीत म्हणून कुणी त्याला घरी बसवणार होतं, ह्याचं त्याला वाईटही वाटलं आणि रागही आला.

माणूस अडला की ओळखीची वाट धरतो. इंद्रभानने रेशनची धरली.

"सायेब, रेशनले माह्यं बोट नाही चालत त घरच्यांचं चालवतात. मंजुळाची डाव्या हाताची करंगळी फस्कलास चालते."

"मंग बोलाव की तिले," पंजाबराव म्हणाले.

शाखाधिकारी धम्मशीला मॅडमनी फाइलमधून डोकं वर काढलं. "अध्यक्षसाहेब, परवाना संस्थेचा, पहारेकरी इंद्रभान, आणि बोट त्यांच्या बायकोचं?"

"घरचंच बोट हाये ना मॅडम. परकं थोडीच हाये?"

अविनाशने नोंदणीचा कागद पुढे ओढला. संध्याकाळपर्यंत एक नाव नोंदल्याचं त्याला कंपनीला कळवायचं होतं. अडला हरी! मंजुळाबाई संस्थेसमोरच्या कोपऱ्यावर भाजी विकायला बसायची. ती पदर सावरत आली. तिने करंगळी टेकवली आणि पहिल्याच दणक्यात हिरवा दिवा लागला.

"आवं माय! लागला ना!" ती हरखून म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं. "म्हंजे रोज मलेच यावं लागन? मी मेथी इकू का बंदूक उघडू?"

"दरोडा काय रोज पडते का व?" इंद्रभानने समजूत काढली.

दुसरा दिवस बाजाराचा होता, त्यामुळे संस्थेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. पंजाबराव कडक इस्त्रीत, शेजारी दोन्ही बातमीदार. तालीम आहे हे मॅडमनी दोनदा ओरडून सांगितलं, पण बाजाराच्या गलक्यात ते निम्म्यांनाही ऐकू गेलं नाही. अकराच्या ठोक्याला अविनाश तोंडाला रुमाल बांधून दारातून आत घुसला आणि लाकडी पिस्तूल उगारून ओरडला, "कुणी हलायचं नाही!"

"लाईनीत लाग बे," रांगेतल्या एका म्हाताऱ्याने त्याला सुनावलं. "आमी का इथं झक माराले उभे हावो?"

इंद्रभानने बंदूक रोखली, सवयीने आपलाच अंगठा टेकवला, आणि लाल दिवा लागला. तेव्हा त्याला आठवलं.

"जरासाक थांबा हो," तो दरोडेखोराला अदबीने म्हणाला आणि दाराबाहेर मान काढून ओरडला, "मंजुळा! ये व लवकर, दरोडा पडून राह्यला!"

"आली, आली! एवढं गिऱ्हाईक करते!"

अविनाश पिस्तूल उगारून तसाच उभा राहिला. त्याचा हात अवघडला, तेव्हा त्याने पिस्तूल दुसऱ्या हातात घेतलं. मंजुळाबाई आली ती मेथीवर पाणी शिंपडता शिंपडता उठून. तिने ओली करंगळी टेकवली: लाल. पदराला पुसून टेकवली, पुन्हा लाल. नखात माती होती. तिसऱ्यांदा तिने करंगळीवर फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं आणि टेकवली. बंदुकीने तीन वेळा टुकटुक केलं आणि काचेशेजारच्या चिमुकल्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"काय म्हणते ते?" मंजुळाबाईने विचारलं.

"पंधरा मिनिटं बंद, म्हणते," इंद्रभान म्हणाला. "सुरक्षेसाठी."

बातमीदार हसायला लागले. पण 'दरोडा' हा शब्द बाहेर बाजारात पोचला होता. धिप्पाड कचरू हमाल आणि त्याच्यामागे सात-आठ जण आत घुसले. त्यांना रुमाल बांधलेला माणूस दिसला, तेवढं पुरे होतं. अविनाशच्या कानाखाली एक बसली, शर्टाचा खिसा फाटून लोंबायला लागला, आणि कचरूने काठी उचलली.

पंजाबराव टेबलाआड झाले. इंद्रभानने ती बंदूक मंजुळाबाईच्या हातात कोंबली आणि तो दोन ढांगांत मधे जाऊन उभा राहिला.

"कचरू! काठी खाली!"

कचरूची काठी हवेतच थांबली.

"पाव्हणा हाये तो. तालीम हाये. मांगं सरा सगळे. आन कचरू, तुले तुह्या आईची पेंशन घ्याची हाये ना? मंग लाईनीत लाग."

सगळे मागे सरले. ह्या आवाजाला कुणाच्या बोटाची गरज नव्हती.

अर्ध्या तासाने अविनाश मॅडमच्या टेबलाशी गालावर थंड पाण्याची बाटली धरून चाचणीचा अहवाल लिहीत होता. पोटापाण्याचा प्रश्न होता बिचाऱ्याचा. यंत्र चुकलं असं तो लिहिणार कसा? लिहून झाल्यावर त्याने कागद इंद्रभानपुढे सरकवला, आणि दोन दिवसांच्या सवयीने टेबलावरचं शाईचं पॅडही उघडून पुढे केलं.

"काका, इथे अंगठा लावा."

इंद्रभानने पॅड मिटवलं. "मले सही येते."

त्याने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचलं: "यंत्र निर्दोष. रक्षकाची बोटे सदोष. दुसरा रक्षक नेमावा." वाचून त्याने दोन्ही पंजे टेबलावर उताणे ठेवले.

"इथं लागायच्या आंधी चौदा वर्सं विहिरीत गोटे फोडले मी. रेघा तिथंच घासल्या. त्याले सदोष म्हणता का हो मॅडम?"

मॅडमनी पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबरावांनी अविनाशच्या फाटक्या खिशाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या त्या पंजांकडे.

"खोडा ते," ते म्हणाले. "आन बंदूक वापस धाडा."

मॅडमनी तिन्ही वाक्यांवर काट मारली आणि वर लिहिलं, "यंत्र रक्षकास ओळखू शकले नाही." इंद्रभानने तेही वाचलं. मग पेन घट्ट धरून, काना-मात्रा न चुकवता, त्याने पूर्ण नाव लिहिलं: इंद्रभान सखाराम ढगे. सही कागदाच्या अर्ध्या रुंदीला पुरली.

"झालं का?" दारातून मंजुळाबाई म्हणाली. "माही मेथी सुकून राह्यली."

जुनी बाराबोर सोडवून आणायला, कागदपत्रं धरून, दोन महिने लागणार होते. इंद्रभानने टोपी सारखी केली आणि दारात जाऊन मोकळ्या हातांनी उभा राहिला. एक म्हातारी पायऱ्यांशी थबकली होती. त्याने हात पुढे केला, आणि ती तो धरून वर चढली.