पाचवा गिअर

श्रुतिकाने सीट पुढे ओढली, आरसा खाली वळवून मागच्या सीटवर झोपलेल्या निहारच्या तोंडावर आणला आणि किल्ली फिरवली.

"आरसा मागच्या काचेवर लाव गं," शेजारून केयूर म्हणाला. अर्धशिशीने त्याला उन्हाकडे बघवत नव्हतं. ओला रुमाल डोळ्यांवर ओढून तो मागे टेकला.

"मला निहार दिसायला हवा."

निहार तीन वर्षांचा झाला तरी प्रवासात ती त्याच्याशेजारीच बसायची, तो झोपला की त्याच्या छातीवर हात ठेवून. आज तिथे सासूबाई, मालनताई होत्या. बाडमेर केव्हाच मागे पडलं होतं. जालोर शंभर किलोमीटर, आणि मध्ये नुसती वाळू नि काटेरी झाडं. गाडी चालवायला दुसरं कुणी नव्हतं. मुलुंडला निहारच्या नर्सरीपर्यंत ती रोज चालवायची; पण तिथल्या गर्दीत तिसऱ्याच्या वर गिअर टाकायची वेळच येत नसे.

इथेही तिने तिसराच धरून ठेवला.

"श्रुतिका, गाडी रडतेय गं," मालनताई म्हणाल्या.

"आई, निहारची मान लटकत नाहीये ना?"

"उशी दिलीय. दोन मुलं वाढवलीयत मी. त्यातलं एक तुझ्या शेजारी कण्हतंय."

रुमालाखाली केयूर हसला.

तेवढ्यात अगदी मागे हॉर्न कडाडला. आरशात तिला दिसले फक्त निहारचे उघडे ओठ. ट्रक खेटून पुढे गेला, गाडी हादरली. स्टिअरिंगवरची बोटं सैल व्हायला दोन किलोमीटर लागले. मग तिने हात वर नेऊन आरसा सरळ केला. मागचा रस्ता लांबपर्यंत रिकामा होता. चौथा टाकला. क्लचवर पाय ठेवून जरा घुटमळली, आणि पाचवा. इंजिनचं रडणं थांबलं.

वाळू संपली कधी ते कळलंच नाही. दोन्ही बाजूंना डोंगर आले, मधल्या सपाटीत मोहरी पिवळीधमक, जिऱ्याची शेतं. तिने काच खाली केली. उंटगाडीला बाजू देऊन ती झोकात पुढे गेली. जालोर बारा किलोमीटर, असा दगड दिसला तेव्हा ती दचकली.

"आई, निहार उठला नाही अजून?"

"कधीचा उठलाय. ट्रॅक्टर मोजतोय. सहा झाले की परत एकपासून."

श्रुतिकाचा हात आरशाकडे गेला आणि अर्ध्यावरून परतला.

केयूरने रुमाल काढला. "बरं वाटतंय मला. जालोरपासून मी घेतो."

"बघू," ती म्हणाली. समोरून चारा लादलेला एक ट्रॅक्टर डुलत येत होता.

"निहार, हा कितवा रे?" तिने मान न वळवता विचारलं.