डागी वर

काळ्या पेटीचं झाकण घट्ट लावून संजीवनीने पुन्हा व्होल्टेज चढवायला घेतलं. शंभर, दोनशे. तीनशेला करंटचा आकडा उसळला तो खाली यायलाच तयार होईना. तिसऱ्यांदा तेच.

पेटीत तळहाताएवढी सिलिकॉनची चकती होती. परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगात सूक्ष्म कणांची वाट टिपायला अशा चकत्या लागायच्या आणि त्याआधी त्या बारामतीच्या या कॉलेजात अंधारात तपासल्या जायच्या. चोवीसपैकी तेवीस शहाण्यासारख्या वागल्या होत्या. या चोविसाव्या चकतीवर काल तिचा चिमटा घसरला होता; कडेला केसाएवढा ओरखडा होता.

"मेले मी," ती पुटपुटली. महिनाअखेरीला तिचं कंत्राट संपत होतं आणि मुदतवाढ रणजित सरांच्या एका शेऱ्यावर अडली होती. ‘मुळातच सदोष आली’ एवढं लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आणि नेमका बापच दारात उभा! महिपती निरवांगीहून डाळिंबं घेऊन मार्केट यार्डात आला होता. जाता जाता सरांसाठी एक खोकं. आत धूळ चालत नाही म्हणून तो बाहेरच थांबला.

संजीवनीने बाहेर येऊन खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"तात्या, सरांना द्यायचं आणि वरच डागी फळ?"

"डागी वरच असतंय, बये."

"खाली घालायचं की मग!"

"खाली घातलं की लोक समदं खोकं उपसत्यात. यार्डात माझ्या खोक्यात कुणी हात घालत न्हाय." त्याने काचेतून आत पाहिलं. "तुजं बरं चाललंय न्हवं?"

"हो," ती म्हणाली. तिला रडू येत होतं.

तो गेल्यावर तिने ती चकती तिच्या चपट्या डबीत ठेवली, डबी बाकीच्या डब्यांच्या चळतीवर सगळ्यात वर ठेवली आणि चिठ्ठी लिहिली: माझ्या हातून ओरखडा. संजीवनी.

दुपारी रणजित सर आले. प्रत्येक चळतीतल्या मनाला येतील त्या तीन चकत्या ते स्वतः पुन्हा तपासत. दोन वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता. त्यांनी चिठ्ठी वाचली, भिंगाखाली ओरखडा पाहिला.

"चिमटा?"

"हो सर."

"ही गेलीच मग."

त्यांचा चेहरा उतरला. मुदतवाढीचा त्यांनी विषयच काढला नाही. संजीवनीने सवयीने सरांच्या तीन चकत्यांसाठी काळ्या पेटीचं झाकण उघडून धरलं.

सर चिकटपट्टी शोधत होते.

"लाव ते झाकण," ते म्हणाले. "बाकीच्या तेवीस खोक्यात भर."